मागच्या खिडकीचे खिळे

अध्यक्ष महाराज, गुलाबरावांच्या घरची मंडळी, आणि सायकली हातात धरून पार रस्त्यापर्यंत उभी असलेली तुम्ही सगळी माणसं,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. बोलणं हाच माझा धंदा. पण आजचं बोलणं वेगळं आहे. समोर त्यांचं दुकान दिसतंय. दाराला कुलूप आहे. ओट्यावर तो लाकडी खोका तसाच आहे, ज्याच्यावर बसून त्यांनी या गावातल्या निम्म्या सायकलींची पंक्चरं काढली.

ही सभा शाळेत घ्यायची ठरत होती. तिथे सावली आहे, बाकं आहेत. मीच हट्ट धरला की ती इथे, दुकानासमोरच्या या पानं झडलेल्या निंबाखाली घ्यावी. का धरला, ते शेवटी सांगतो. तोवर ऊन सोसा.

मंडळी, गुलाबराव मोर्शीकडचे. घर माळ्याचं. वडिलांची थोडी संत्र्याची झाडं, थोडा भाजीपाला, दसऱ्याला झेंडू. गुलाबरावांचं मन काही त्या झाडांत रमलं नाही. त्यांचं मन चाकात. अमरावतीला आले ते एक हवेचा पंप आणि एक धाकटा भाऊ घेऊन. भाऊ म्हणजे हा किसन. इथे पुढेच बसला आहे. पंप ओट्यावर ठेवला, पंपावर किसनला बसवलं, आणि दुकान सुरू झालं.

आपल्या वऱ्हाडात सायकल चालवणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात काळी माती चाक धरून ठेवते. पाऊस संपला की सराटे. सराटे चुकवले तर बाभळीचा काटा. नांदगाव खंडेश्वरहून इथवर एकही पंक्चर न होता आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. गुलाबराव म्हणायचे, "मास्तर, देवानं सराटा काहून बनवला, ते मले ठाऊक हाये. माह्यासाठी बनवला." आणि हसायचे. हसताना तोंडावर हात धरायचे, हाताला काळं लागलेलं असायचं, ते मिशीला लागायचं. दिवसभर ती मिशी तशीच.

माणूस कसा होता? सासरी निघालेल्या लेकीच्या छकड्यापुढे जाणाऱ्या तिच्या भावाची सायकल पंक्चर झाली, तर जेवणावरून उठणारा. ठिगळ लावलं की ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवणारा, आणि एक बुडबुडा आला तरी सगळं काढून पुन्हा लावणारा. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "रस्त्यात बसशीन तवा मले शिव्या देशीन. थांब ना जी जरासा." हा असा माणूस. हलगर्जी म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. म्हणून तर मला आज बोलायचं आहे. त्यांच्याकडून झालेली चूक हलगर्जीपणाची नव्हती, फार काळजी घेण्याची होती. आणि ती काळजी कशी घ्यायची, ते मी शिकवलं होतं.

लढाई सुरू झाली. तुम्हाला आठवत असेल, हळूहळू सगळंच मिळेनासं झालं. टायर नाही, ट्यूब नाही. एकेका ट्यूबवर वीस-वीस ठिगळं. आणि मग ठिगळ चिकटवायचं सोल्युशन, ते विलायती नळीतलं, तेही यायचं बंद झालं. गुलाबराव एका रविवारी माझ्या घरी आले. ओट्यावर बसले. पाणीसुद्धा घेईनात. म्हणाले, "मास्तर, दुकान बंद करावं लागते. लोक येऊन राहिले, अन् मी हात जोडून राहिलो. तुमी शास्त्रवाले. ते सोल्युशन असते तरी कायचं?"

मंडळी, कोणी तरी आपल्याला आपल्या विषयातलं विचारावं, यासारखा मास्तरला आनंद नाही. मी त्यांना तसाच शाळेत घेऊन गेलो. प्रयोगशाळा उघडली. सांगितलं, जुनी ट्यूब कापून उपयोग नाही, भट्टीत शिजलेलं रबर विरघळत नाही. कच्चं रबर पाहिजे. माझ्या फाटक्या बुटांना क्रेपचे तळवे होते, ते कच्चंच रबर. त्याचे तुकडे केले. कपाटात बेंझॉलची बाटली होती. कोळशाच्या डांबरातून निघतं ते, पाण्यासारखं दिसतं, वास गोडसर. बाटलीत तुकडे टाकून घट्ट बूच लावलं. दोन दिवसांनी रबराचा मधासारखा पाक झाला होता. गुलाबरावांनी तो बोटावर घेतला, ताणला, नाकाशी धरला. म्हणाले, "हे त कामच झालं, मास्तर!"

त्या दिवशी मी घरी किती मिरवलं, ते माझ्या बायकोला विचारा.

पुढे त्यांनी कुठून कुठून बेंझॉलचे डबे मिळवले. लष्कराच्या गाड्यांचं काम करणाऱ्या कोणाकडून, नागपूरच्या कोणा रंगवाल्याकडून. गावातले क्रेपचे बूट फाटले की दुकानात यायला लागले. गुलाबराव वासावरून सांगायचे की पाक झाला की नाही. झाकण काढायचे, नाक लावायचे, डोळे मिटायचे. "अजून कच्चा हाये." पुन्हा झाकण. दिवसातून कितीदा, कोण मोजणार? संध्याकाळी हाताचं ग्रीस निघत नसे, म्हणून त्याच बेंझॉलमध्ये चिंधी बुडवून हात पुसायचे. कोपरापर्यंत. हात अगदी स्वच्छ व्हायचे. मी म्हटलं सुद्धा, गुलाबराव, तुमचे हात आता कारकुनासारखे दिसतात.

मग उन्हाळा आला. आणि आता जे सांगतो, ते नीट ऐका.

सोल्युशन लावलं आणि त्यावर धूळ बसली तर ठिगळ धरत नाही. आपल्याकडे वैशाखातलं वारं म्हणजे धूळच. आणि ते वारं इतकं तापलेलं, की पाक लावता लावता वाळतो. गुलाबरावांनी काम ओट्यावरून आत नेलं, त्या मागच्या खोलीत. मला विचारलं, काय करावं? मी म्हटलं, त्यात काय, दाराला वाळ्याची ताटी लावा, पाणी मारा. आपण घरोघर करतो तेच. धूळ अडेल, गारवा राहील. मोर्शीहून त्यांच्या भावकीतल्या माणसाने सुरेख ताटी विणून पाठवली. राहिली मागची खिडकी. तिच्यातून झळ यायची. मी म्हटलं, ती ठोकूनच टाका. फळी मी धरली. खिळे त्यांनी मारले. सहा खिळे. एक वाकडा गेला, तो त्यांनी उपटला आणि सरळ करून पुन्हा मारला.

काय खोली झाली ती! बाहेर अंगार, आत गारवा. वाळ्याचा वास, आणि त्यात तो दुसरा गोडसर वास मिसळलेला. मी रविवारी दुपारी मुद्दाम तिथे जाऊन बसायचो. तासाभराने डोकं हलकं वाटायचं, जरा गरगरायचं, बरंही वाटायचं. मला वाटायचं, हा गारव्याचा गुण. मी शास्त्राचा मास्तर! पोरांना सांगत आलो की बंद खोलीत शेगडी ठेवू नका. आणि त्या बंद खोलीत बसून मी वर्तमानपत्र वाचत होतो.

उन्हाळा संपला, ताटी निघाली, पण दार लोटून काम करायची सवय राहिली. खिडकी तर ठोकलेलीच होती. असे तीन उन्हाळे गेले.

आता ही कृती गुलाबरावांनी लपवून ठेवली असती, तर त्यात नवल नव्हतं, दुसरा कोणीही ठेवतो. पण त्यांना ते जमणारच नव्हतं. जो येईल त्याला शिकवायचे. अकोल्याहून रहीमभाई आले होते. तेही सायकलवालेच. आज सकाळच्या गाडीने पुन्हा आले आहेत, ते तिथे मागे उभे आहेत. दोन दिवस मुक्कामाला राहून शिकून गेले. बडनेऱ्याचे एक जण शिकून गेले. गुलाबराव त्यांना सगळं सांगायचे. बूच घट्ट लावा, वास घ्या, दार लावून घ्या, खिडकी असली तर ठोकून टाका. आणि शेवटी म्हणायचे, "हे माहं नाई, आमच्या मास्तरांचं हाये." मला त्याचा केवढा अभिमान होता!

गेल्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला त्यांनी नेहमीसारखं बस्तान मांडलं. मी गेलो होतो. पाहतो तर पंप किसन मारतोय आणि गुलाबराव बाजूला बसून धापा टाकताहेत. चेहरा उजळलेला. आम्ही सगळ्यांनी थट्टा केली. "काय गुलाबराव, गोरे झाले! शहराचं पाणी लागलं!" मीही म्हटलं. मीच आधी म्हटलं. ते हसले, तोंडावर हात धरला, आणि हात खाली घेतला तेव्हा बोटाला हिरडीचं रक्त होतं. म्हणाले, काडी लागली असंल.

ते गोरेपण नव्हतं, मंडळी. रक्त आटत होतं.

मग सुरू झालं. वैद्यबुवांनी पांडुरोग सांगितला, लोहभस्म दिलं. डॉक्टरांनी हिवताप म्हणून क्विनीन दिलं, मग जंताचं औषध दिलं. कोणी म्हणालं विहिरीचं पाणी, कोणी म्हणालं नजर. त्यांच्या पत्नीने, या अंजनावैनींनी, काय केलं नाही? माळकऱ्याचं घर. पण डॉक्टरांनी बकऱ्याची कलेजी सांगितली, तर या माउलीने अंगणात वेगळी चूल मांडून ती शिजवली, नाकाला पदर लावून. आणि ते खायचे, भिंतीकडे तोंड करून. काही उपयोग झाला नाही. अंगावर निळे डाग यायला लागले. कशाला टेकलं तरी डाग.

इतके जण पाहून गेले. प्रत्येकाने विचारलं काय खाता, कुठलं पाणी पिता, ताप कधी येतो. तुम्ही दिवसभर करता काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला तर ठाऊकच होतं.

माघात मी आणि किसन त्यांना नागपूरला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि काचेवर पाहिला. आम्हाला बाहेर बोलावलं. म्हणाले, रक्त हाडांच्या आत तयार होतं, आणि यांच्या हाडात ते तयार व्हायचं जवळजवळ थांबलं आहे. मग त्यांनी विचारलं, "यांचा धंदा काय?" किसनने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ठिगळाला काय लावता?" मी सांगितलं, बेंझॉल. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "खोली उघडी असते?"

मंडळी, त्या प्रश्नाचं उत्तर किसनने दिलं. तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "नाई जी, एकदम बंद. धूळ यायले जागाच नाई ठेवली."

डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, यानेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुष्कळदा असं होतं आणि कारण कधीच सापडत नाही. पण या वाफेने रबराच्या कारखान्यांतल्या माणसांचं रक्त असंच आटल्याचं मी वाचलं आहे. तेव्हा ते काम बंद करा, आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासा.

मी तेव्हापासून एवढाच विचार करतो आहे. तेच पाणी अंजनावैनी प्यायल्या, त्या बऱ्या आहेत. तेच जेवण किसन जेवला, तो ओट्यावर वाऱ्यात पंप मारायचा, तो बरा राहिला. आत बसणारा एकटाच गेला. मग वाटतं, हेच कारण. पण रहीमभाईही तीन वर्षं तेच करताहेत आणि देवाच्या दयेने धडधाकट दिसतात. मग वाटतं, नसेल. मी माझी सुटका व्हावी म्हणून तर नसेल म्हणत नाही ना, असंही मनात येतं. खात्री मला नाही. डॉक्टरांना नव्हती. पण खात्री होईपर्यंत दार लावून बसा, असं मी कोणाला सांगू?

किसनने तिथे आपलं रक्त दिलं. भावाच्या गालांवर आठ-दहा दिवस रंग आला. नंतर पुन्हा पांढरे. इथे परत आणल्यावर एका सकाळी मी शेजारी बसलो होतो. म्हणाले, "मास्तर, हवा भरते, पन राहत नाई." आणि हसले. मग म्हणाले, "तुमाले एक सांगतो. ते बेंझॉल तुमी शिकवलं, हे कोनाले सांगू नका. लोक तुमाले धरतीन. मी किसनालेबी बोललो, नागपूरचं नागपुरातच राहू दे. तुमी माहं दुकान वाचवलं होतं. मले शब्द द्या."

मी शब्द दिला. द्यायला नको होता, पण त्या चेहऱ्यापुढे नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते मला अजून टोचतं.

परवा त्यांचा दहावा झाला. काल मला कळलं की किसन उद्यापासून दुकान उघडणार. कार्तिकापासून आत तोच बसतोय, भाऊ आजारी म्हणून, हेही कालच कळलं. डॉक्टरांनी सांगितल्यावरही तोच बसला, कारण गिऱ्हाईक परत पाठवलं तर भावाला वाईट वाटेल. तो मला म्हणाला, "दादाचं काम मी दादासारखंच करीन, मास्तर. एक बुडबुडा येऊ देनार नाई." दादासारखंच! दार लावून, खिडकी ठोकून, नाक लावून.

म्हणून मी आज शब्द मोडला. सगळ्यांसमोर मोडला, एवढ्यासाठी की मला मागे फिरता येऊ नये. गुलाबराव, मला माफ करा. मला धरायचं तर लोकांनी धरावं.

रहीमभाई, तुम्ही अकोल्याला जाल ते गुलाबरावांची आठवण घेऊन जा, पण त्यांची कृती टाकून द्या. काम बाहेर ओट्यावर आणा. ठिगळ सुटलं तर सुटू द्या, दुसऱ्यांदा लावा. लढाई संपली आहे, नळ्या पुन्हा येतील. तोवर गिऱ्हाईक सायकल हातात धरून चालत जाईल. आपल्या माणसांना चालता येतं.

वैनी, तुम्ही मला काहीही बोला. आज नाही जमलं तर कधीही बोला. मी येत राहीन.

आणि किसन. आता मी भाषण करत नाही, तुझ्या भावाशी बोलायचो तसा बोलतो. पोरा, भावाले खांदा देला तवा तुह्या खांद्यावर निळा डाग पडला. म्या पाह्यला. तिरडीच्या बांबूनं पडला असंल. पडते, कोनालेबी पडते. पन आज अकरा दिवस झाले, अन् तो अजून तसाच हाये. मी उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिलो. तू माह्यासंगं चाल. मलेबी रक्त दाखवाचं हाये, मीबी तिथं बसलो. दोघं दाखवू. काही नाई निघालं त तिकडून हसत येऊ. नाई म्हनू नको.

मंडळी, आता सभा इथे का घेतली ते सांगतो. रिवाजाप्रमाणे आपण उभं राहून शांतता पाळतो, आणि कोणी तरी घड्याळ पाहून बसा म्हणतं. आज घड्याळ नको. गुलाबरावांची पक्कड मी वैनींकडून सकाळीच मागून घेतली, ती माझ्या खिशात आहे. किसन, कुलूप काढ. तो बेंझॉलचा डबा बाहेर आण आणि उघड्यावर, माणसांपासून लांब ठेव. मी मागे जातो. फळी मी धरली होती, खिळे मीच काढतो. सहा आहेत. म्हातारा हात आहे, वेळ लागेल.

ती खिडकी उघडेपर्यंत तेवढं सगळ्यांनी उभं राहावं.